रक्तालाच खूण करून मोजलेला प्रवाह

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के असते, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के रक्त त्याला लागते. हे रक्त मेंदूत कोठे किती पोहोचते, ते सुई न टोचता मोजणारी आर्टेरियल स्पिन लेबलिंग, म्हणजेच एएसएल, ही पद्धत एमआरआय विभागात काम करताना मला सर्वांत मोलाची वाटत आली आहे. जॉन डेट्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये उंदरांच्या मेंदूवर तिचा प्रयोग प्रसिद्ध केला.

मानेतून वर चढणाऱ्या रक्तातील पाण्याचे चुंबकन रेडिओलहरींनी उलटे करायचे (हीच खूण), ते रक्त मेंदूत पोहोचेपर्यंत थांबायचे, प्रतिमा घ्यायची. मग खूण न करता तशीच दुसरी प्रतिमा घेऊन दोन्हींची वजाबाकी करायची. उरणारा फरक जेमतेम एक टक्का असतो, म्हणून अशा अनेक जोड्यांची सरासरी काढावी लागते आणि त्या चार-पाच मिनिटांत रुग्णाने डोके जरासे हलवले तरी रक्तप्रवाहाचा नकाशा बिघडतो.

खरी मेख आहे ती थांबण्याच्या वेळेत. ३ टेस्ला चुंबकशक्तीच्या यंत्रात रक्तावरची खूण दर १.६५ सेकंदांनी सुमारे ३७ टक्क्यांवर उतरते, त्यामुळे फार थांबलो तर मोजायला काही उरत नाही आणि घाई केली तर रक्त अजून वाटेतच असते. सत्तरीखालच्या निरोगी प्रौढांसाठी साधारण १.८ सेकंद आणि सत्तरीपुढच्यांसाठी २ सेकंद थांबावे, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या शिफारशींत म्हटले आहे.

किडनी कमजोर असल्याने गॅडोलिनियमचे (एमआरआयमध्ये प्रतिमा स्पष्ट दिसण्यासाठी देतात त्या द्रव्याचे) इंजेक्शन टाळलेल्या एका आजींच्या नकाशात मेंदूची उजवी बाजू काळवंडलेली दिसली. मात्र त्या काळोखाच्या कडेने धमन्यांच्या वाटेवर पांढऱ्या, वळवळत्या रेघा होत्या, म्हणजे खूण केलेले रक्त अरुंद झालेल्या धमनीमागून उशिरा येत होते. “आजी, अजून पाच मिनिटं, मान अजिबात हलवू नका,” असे सांगून मी थांबण्याची वेळ वाढवली आणि पुन्हा स्कॅन घेतला. नवा नकाशा अधिक दाणेदार आला, पण त्या रेघा पुसट झाल्या होत्या आणि काळ्या भागात बऱ्याच ठिकाणी रंग भरला होता. रेडिओलॉजिस्टना दोन्ही नकाशे दाखवले. त्यांनी अहवालात ‘रक्त पोहोचण्यास विलंब’ असे स्वतंत्रपणे नोंदवले.