गाडी विकण्याआधी गॅरेजला किती पैसे द्यायचे?

गाडी विकायची ठरली की मेकॅनिक म्हणतो, "थोडं काम करून घ्या, भाव चांगला येईल." एजंट म्हणतो, "काही करू नका, आहे तशी द्या." दोघंही आपापल्या धंद्याचं बोलतात. विकणाऱ्याने हिशोब वेगळा मांडावा.

दुरुस्तीला किती खर्च येईल, हा अर्धाच प्रश्न. त्या दोषापायी गिऱ्हाईक भावातून किती कापेल, हा उरलेला अर्धा. ही कपात खर्चाहून मोठी असेल तरच काम करायचं. आणि कपात मोठी होते ती दोष जाणवतो पण कारण कळत नाही तेव्हा. गुळगुळीत टायर दिसला तर गिऱ्हाईक दुकानातला भाव धरून तेवढेच पैसे मागतो. पण गतिरोधकावर पुढून "टक टक" आलं की त्याच्या डोक्यात अख्खं सस्पेन्शन येतं आणि तो थेट पंधरा हजारांवर जातो. प्रत्यक्षात ते बऱ्याचदा लिंक रॉडचं, म्हणजे सस्पेन्शनमधल्या एका छोट्या दांडीचं, काम निघतं. (खालचे आकडे छोट्या पेट्रोल गाडीचे, बाहेरच्या गॅरेजचे आणि अंदाजे आहेत. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला ते सहज दीडपट होतात.)

म्हणून सुरुवात आवाजांपासून करा. गाडी रॅम्पवर चढवून पुढची चाकं, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड, स्टिअरिंगचे टाय रॉड एंड हलवून बघायला सांगा. तपासणीचे पाचशे रुपये वेगळे द्या, म्हणजे मेकॅनिकला काम काढायची घाई राहत नाही. कमी वेगात, छोट्या छोट्या खड्ड्यांत, एकाच बाजूने येणारा खडखडाट असेल तर पहिला संशय लिंक रॉडवर. दोन्ही बाजूंचे मिळून मजुरीसह हजार-दीड हजारात बसतात. स्टिअरिंग वळवताना वरून कटकट येत असेल तर स्ट्रट माउंट, म्हणजे शॉक अ‍ॅब्झॉर्बरची वरची बैठक, बघा. शॉक अ‍ॅब्झॉर्बरमधून तेल गळत असेल तर मात्र खर्च चढतो. तो करायचा की भावात सोडायचा, हे गिऱ्हाइकाशी बोलूनच ठरवा.

गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा ८०च्या वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल, तर चाकांचं अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घ्या. सात-आठशे रुपयांचं काम आहे. ते न करता टेस्ट ड्राइव्ह दिली की गिऱ्हाईक "चेसिसला मार बसलाय का?" हाच प्रश्न मनात धरून बसतो. थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर दोष ब्रेकच्या डिस्कचा, तो बॅलन्सिंगने जाणार नाही.

एसीचंही तसंच. हवा कमी येते आणि कुबट वास येतो, तर आधी केबिन फिल्टर काढून बघा. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, दोन-तीनशे रुपयांना मिळतो आणि घरी दहा मिनिटांत बदलता येतो. हवा जोरात येते पण गार नाही, तर गॅस कमी असण्याची शक्यता मोठी. इथे नुसता गॅस भरून गाडी विकू नका. गॅस आपोआप संपत नाही, कुठून तरी गळतो. पुढचा कंडेन्सर किंवा पाइपचा जोड गळत असेल तर दुरुस्ती आवाक्यात असते. कूलिंग कॉइल गेली असेल तर अनेक गाड्यांत डॅशबोर्ड खोलावा लागतो, आणि खोललेला डॅशबोर्ड नंतर कुरकुरतो. तेव्हा कॉइलचं काम असेल तर ते करू नका, सरळ सांगा आणि भाव कमी करा.

पावसाळ्यात विकताना एक गोष्ट विसरू नका. पुढच्या डाव्या सीटखालचं कार्पेट ओलं लागलं की गिऱ्हाइकाला पूर आठवतो. २६ जुलै २००५ची मुंबई आणि २०१९चं सांगली-कोल्हापूर लोक विसरलेले नाहीत. पाण्यात बुडालेल्या गाडीच्या वायरिंगचं दुखणं संपत नाही, त्यामुळे संशय आला की माणूस भाव न करताच निघून जातो. खरं कारण बहुधा एसीचा ड्रेन पाइप तुंबल्याचं असतं. बाहेर जायचं पाणी आत उतरतं. पाइपात हवा मारली की काम झालं. मग मॅटखालचं कार्पेट उचलून, खालचा फोम पूर्ण वाळवा. नुसतं वरून वाळलेलं कार्पेट चार दिवसांत पुन्हा वास मारतं.

आता रंग, जिथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. दारावरची रेघ बघवत नाही म्हणून लोक अख्खा दरवाजा रंगवून घेतात. एका पॅनलचे तीन-चार हजार जातात, आणि भाव वाढायच्या ऐवजी कमी होतो. कंपनीचा मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा असतो. पुन्हा रंगवलेला पॅनल २००च्या वर दाखवतो, पुट्टी असेल तर आकडा कितीतरी पुढे जातो. गाड्या विकत घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांचे तपासनीस आणि जाणते डीलर जाडी मोजायचं मीटर घेऊनच येतात. रंगवलेला दरवाजा म्हणजे त्यांच्या लेखी अपघाताची शक्यता. रेघ मात्र त्यांना कळते. रेघ तशीच ठेवा. रंग न उडालेला डेंट असेल तर आतून दाबून, रंगाला हात न लावता काढणारे कारागीर मोठ्या शहरांत मिळतात. त्यांचे पैसे सार्थकी लागतात.

बंपर याला अपवाद आहे. तो प्लास्टिकचा, मीटर त्यावर चालत नाही, आणि शहरातल्या गाडीचा बंपर घासलेला असणारच हे सगळे धरून चालतात. पुढचा बंपर फारच ओरखडलेला असेल तर तेवढा रंगवा. फोटोत पहिला तोच दिसतो. पिवळ्या पडलेल्या हेडलाइटही घासून घ्या. १००० नंबरच्या पाणकागदापासून सुरू करून २००० आणि ३०००पर्यंत, मग कंपाउंड. वर उन्हापासून वाचवणारं यूव्ही कोटिंग मारलं नाही तर काही महिन्यांत काच परत पिवळी होते, तेव्हा कारागिराशी कोटिंग धरूनच पैसे ठरवा.

कोकणातल्या आणि समुद्राजवळच्या गाड्यांना दारांच्या खालच्या कडा, फूटबोर्डखालचा पत्रा आणि स्टेपनीची खोबण इथे गंज धरतो. वर पुट्टी भरून रंग मारू नका. बघणारा नखाने किंवा चुंबकाने तपासतो आणि एकदा पुट्टी सापडली की बाकीच्या गाडीवरचाही त्याचा विश्वास उडतो.

विमा आहे ना, मग क्लेम करून सगळं नवं करून घेऊ, असं वाटणाऱ्यांनी जरा थांबावं. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, गाडीचा नसतो, मालकाचा असतो. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो. जुनी गाडी विकल्यावर विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं तर तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येतो. नव्या गाडीचा ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) प्रीमियम समजा २० हजार असेल तर १० हजार तिथेच वाचतात. चार हजारांच्या डेंटसाठी तो घालवणं हा आतबट्ट्याचा व्यवहार.

टायर, बॅटरी, क्लच ही झिजणारी मंडळी. नवे टायर टाकून गाडी विकू नका, घातलेल्या पैशातले निम्मेही परत येत नाहीत. टायरच्या खाचांत मधेमधे उंचवटे असतात, ती १.६ मिलिमीटरची खूण. रबर तिथपर्यंत आलं असेल तर टायर कायद्यानेही बाद. बाजूच्या चार अंकी आकड्यात बनावटीचा आठवडा आणि वर्ष असतं. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. स्टेपनी कमी वापरलेली आणि त्याच मापाची असेल तर सर्वांत वाईट टायरच्या जागी ती टाका. मात्र तिचंही वय बघा, आणि एकाच अ‍ॅक्सलवर दोन वेगळ्या नक्षीचे टायर नकोत.

बॅटरी रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवी. १२.२ला ती निम्मी रिकामी असते. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ येत नसेल तर दोष बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरकडे असू शकतो, अशा वेळी नवी बॅटरीही उतरेल. सकाळी स्टार्टर कण्हत असेल तर मात्र बॅटरी बदलाच. सुरू व्हायला कुरकुरणारी गाडी कुणी दुसऱ्यांदा बघायला येत नाही.

क्लच जड लागतो म्हणजे प्लेट गेलीच असं नाही. केबलवर चालणाऱ्या क्लचची केबल सुकली तरी तो जड होतो आणि केबल काही शेकड्यांत येते. क्लच घसरतोय का हे बघायला मोकळ्या चढावर चौथ्या गिअरमध्ये, ४०-५०च्या वेगाला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज चढतो आणि वेग तिथेच राहतो, तर प्लेट संपली. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग मिळून आठ-दहा हजारांचं काम. घसरणारा क्लच टेस्ट ड्राइव्हलाच उघडा पडतो, त्यामुळे थेट ग्राहकाला विकताना तो बदलून बिल दाखवणं बरं. डीलरला विकताना नाही, त्याला तेच काम तुमच्याहून स्वस्तात पडतं. गिअरबॉक्स उतरवलाच तर क्रँकचं मागचं ऑइल सीलही तेव्हाच बदला. नंतर तेवढ्यासाठी पुन्हा सगळी मजुरी पडते.

इंजिन उघडू नका. निळा धूर येत असेल, ऑइल खात असेल तर तसं सांगून विका. "इंजिनचं काम झालंय" हे ऐकून कुणी जास्त पैसे देत नाही. वरचं टॅपेट कव्हर पाझरत असेल तर पॅकिंग बदला, स्वस्त काम आहे. इंजिनवर पाण्याचा फवारा मारून ते चकचकीत करू नका. पाणी इग्निशन कॉइलमध्ये किंवा कनेक्टरमध्ये शिरलं की गाडी झटके खाते, आणि धुतलेलं इंजिन बघून जाणकार म्हणतोच, "गळती लपवली." ओल्या फडक्याने पुसणं पुरे.

चेक इंजिनचा दिवा जळत असेल तर स्कॅनर लावून कोड वाचा. नुसता कोड पुसून दिवा घालवला तर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या अपूर्ण राहतात, आणि दुसऱ्याच्या स्कॅनरवर ते लगेच दिसतं. दोष सेन्सरचा असेल तर बदला, बिल ठेवा.

ब्रेक आणि स्टिअरिंगला मात्र हा नफ्या-तोट्याचा हिशोब लावू नका. पॅड संपले असतील तर बदला. अनोळखी माणूस ती गाडी चालवून बघणार आहे.

कागदांची दुरुस्ती सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी. कर्ज फिटलेलं असतं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच असतं. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन ते आधी काढा. ई-चलन भरा, पीयूसी ताजी ठेवा. १ एप्रिल २०१९च्या आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवा. महाराष्ट्रात चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी लागतो. सीएनजी किट आरसीवर चढलेलं हवं आणि सिलिंडरची तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) झालेली हवी. दुसरी किल्ली, जॅक, पाना शोधून ठेवा. इमोबिलायझरवाली (चिप असलेली) किल्ली नवी करायला काही हजार जातात आणि डीलर तेवढे कापतोच.

एक उदाहरण मांडू. २०१७ची पेट्रोल हॅचबॅक, ८५ हजार किलोमीटर, एजंट आहे तशी ३ लाख म्हणतो. लिंक रॉड १,४००, केबिन फिल्टर ३००, बंपर ३,०००, हेडलाइट ८००, अलाइनमेंट ७००, आतून-बाहेरून साफसफाई २,०००. एकूण ८,२००. दारावरची रेघ, दोन घासलेले टायर आणि थोडा जड क्लच तसाच. थेट ग्राहकाला विकायची असेल तर एवढं करा. एजंटलाच द्यायची असेल तर साफसफाई आणि कागद यापलीकडे काहीच करू नका. कुठलंही काम काढण्याआधी दोन-तीन ठिकाणी आहे त्या स्थितीतला भाव घ्या आणि तिथेच विचारा, "हे काम केलं तर किती देणार?" बहुतेक कामांचं उत्तर त्या एका प्रश्नात मिळतं.

ग्राहक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवू नका. जाणता माणूस आधी बॉनेटवर हात ठेवतो. थंड गाडी त्याच्यासमोर सुरू करा. सौदा झाला की मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३०वर सह्या, फास्टॅग बंद, आणि तारीख-वेळ लिहिलेली डिलिव्हरी नोट दोघांच्या सहीने करा. आरसीवर नाव बदललं का ते परिवहन खात्याच्या पोर्टलवर स्वतः तपासत राहा. अपघात झाला तर नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक धरला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केलेलं आहे.