हँडलचं एक बूच आणि माझी पहिली ड्युॲथलॉन

माझ्या पहिल्या ड्युॲथलॉनबद्दल, म्हणजे धावणं, सायकल आणि पुन्हा धावणं अशा शर्यतीबद्दल, कुणी विचारलं की आधी आठवतं ते एक काळं प्लास्टिकचं बूच. अंगठ्याच्या पेराएवढं. ते माझ्या सायकलच्या हँडलच्या उजव्या टोकाला नव्हतं, आणि तेवढ्यापायी शर्यतीच्या सकाळची चाळीस मिनिटं मी रांगेत घालवली. दोन महिने होत आले, तरी तो राग पुरता गेलेला नाही.

शर्यत स्प्रिंट प्रकारातली होती: 5 किलोमीटर धावणं, 20 किलोमीटर सायकल आणि पुन्हा 2.5 किलोमीटर धावणं. स्टँडर्ड अंतर याच्या बरोबर दुप्पट असतं, 10-40-5. नावनोंदणी, बिब (अंगावर लावायचा नंबर), चिप (वेळ नोंदवणारी) सगळं बिनबोभाट झालं. अडलं ते ट्रान्झिशनच्या, म्हणजे सायकली ठेवायच्या आणि धावण्यावरून सायकलवर जायच्या जागेच्या दाराशी, सायकल तपासणीच्या टेबलावर.

मी पहाटे पाचला रांगेत उभी होते. माझा नंबर आला तेव्हा तपासणाऱ्या गृहस्थांनी पुढचा ब्रेक दाबून सायकल ढकलून पाहिली, मग मागचा. हेल्मेट मला डोक्यावर चढवायला सांगितलं, बक्कल लावायला लावलं आणि पट्टा ओढून पाहिला. मग हँडलच्या दोन्ही टोकांवरून अंगठा फिरवला. डावीकडून तो सरळ पुढे गेला, उजवीकडे अडला.

"हे उघडं आहे. चालणार नाही. बुजवून आणा."

मी विचारलं, कशानं बुजवू? ते म्हणाले, "ते तुम्ही बघा." माझ्याकडे चिकटपट्टी होती. तिथेच टोकाला तीन-चार वेढे देऊन दाखवले. त्यांनी मान हलवली. "टेप नको. पडलात तर नळी टेप फाडून बाहेर येईल. आत घट्ट बसणारं काहीतरी पाहिजे. आणि पुन्हा रांगेतून या, मागून."

मागून! माझ्या मागे साठ-सत्तर जण उभे होते. तपासणी सव्वासहाला बंद होणार होती आणि शर्यत साडेसहाला सुटणार होती. चार महिने पहाटे उठून केलेला सराव आता या टेबलाशीच संपणार असं वाटून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

माहितीपत्रक मी तीनदा वाचलं होतं. मार्गाचा नकाशा, वाहनतळ, पदक कधी मिळणार, सगळं त्यात होतं. सायकलबद्दल एकच ओळ होती: "सायकल सुस्थितीत असावी." माझी सायकल सुस्थितीतच होती. आठवड्यापूर्वी चेन साफ केली होती, ब्रेकचे पॅड नवे घातले होते. हँडलची टोकं बंद हवीत हे वर्ल्ड ट्रायथलॉन या खेळाच्या जागतिक संघटनेच्या नियमांत आहे, पण पहिल्यांदा उतरणारी बाई ते पुस्तक कशाला उघडेल? तिच्या हातात माहितीपत्रक असतं, आणि तिला लागणारी ओळ त्यातच असायला हवी.

रांगेतल्या एका वयस्क स्पर्धकानं हे सगळं पाहिलं होतं. मी बाहेर पडताच त्यांनी हाक मारली, "ताई, थांबा जरा." सीटखालच्या पिशवीतून त्यांनी एक जादा बूच काढलं. ते माझ्या नळीला किंचित सैल होत होतं. मग त्यांनीच युक्ती सांगितली: बुचाच्या दांडीला टेपचा एकच वेढा द्या आणि मग आत घाला. तसं केलं, तळहातानं दोन ठोके दिले, आणि ते असं बसलं की नखानंही निघेना. "हँडलवर गुंडाळलेल्या पट्टीचं शेवटचं टोक नळीत कोंबून वर बूच दाबलेलं असतं, ते प्रवासात हमखास गळतं," ते म्हणाले. "मी दोन जवळ ठेवतोच."

बूच बसवायला पाच मिनिटं लागली असतील. उरलेला सगळा वेळ रांगेचा. दुसऱ्यांदा टेबलाशी पोहोचले तेव्हा त्याच गृहस्थांनी फक्त अंगठा फिरवला आणि हातानं "जा" अशी खूण केली. चार सेकंदांचं काम! त्यासाठी आतून बाहेर, बाहेरून पुन्हा आत. फेरतपासणीला बाजूला दोन माणसांची वेगळी रांग केली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं?

नियमावर माझा राग नाही, हे स्वच्छ सांगते. नंतर त्याचं कारण कळलं तेव्हा अंगावर काटा आला. पडताना हँडल वळतं आणि उघडी नळी मांडीत किंवा पोटात घुसते. गोल कापणाऱ्या पात्यासारखी ती मांस कापत जाते. तपासणाऱ्यानं मला थांबवलं ते योग्यच केलं. पण आधी न सांगणं आणि मग रांगेच्या शेपटाला पाठवणं, या दोन गोष्टी मी माफ केलेल्या नाहीत. आयोजकांना तसं लिहूनही कळवलं.

म्हणून सांगते, तपासणी आदल्या दिवशी ठेवलेली असेल तर आदल्या दिवशीच जा. आणि घरून निघण्यापूर्वी तपासनीस करतो ते सगळं स्वतः करून बघा: दोन्ही ब्रेक, हेल्मेटचं बक्कल, हँडलची दोन्ही टोकं.

रांगेमुळे अंग गरम करायला वेळच मिळाला नाही, आणि पहिले 5 किलोमीटर मी रागाच्या भरात धावले. 27 मिनिटांत संपवले. माझ्यासाठी ते फार जोरात होतं. ट्रान्झिशनमध्ये हात आधी सायकलकडे गेला, पण वेळेवर आठवलं: आधी हेल्मेट, आधी बक्कल, मग रॅकवरून सायकल. परत आल्यावर उलट, सायकल रॅकला लागेपर्यंत बक्कलला हात लावायचा नाही. याचा घरी वीस-पंचवीस वेळा सराव करा. दमलेलं डोकं तिथे उपयोगी पडत नाही, हाताला सवय हवी.

सायकलवर पुढच्या स्पर्धकापासून 10 मीटर अंतर ठेवायचं होतं आणि त्या अंतरात शिरलं की 20 सेकंदांत त्याला मागे टाकायचं होतं. मी बहुतेक वेळ एकटीच होते, त्यामुळे हा प्रश्न आलाच नाही.

शेवटचे अडीच किलोमीटर मात्र भोगले. सायकलवरून उतरल्यावर पाय आपले राहत नाहीत, मांड्या ओंडक्यासारख्या होतात. सरावात सायकलनंतर लगेच धावणं, ज्याला ब्रिक म्हणतात, मी फक्त तीनदा केलं होतं. आठवड्यातून एकदा तरी करायला हवं होतं. सायकलच्या शेवटच्या किलोमीटरला हलका गिअर घेऊन पाय भरभर फिरवले आणि उतरल्यावर मुद्दाम लहान पावलं टाकली, त्यानं बरं वाटलं. साधारण 600 मीटरनंतर पाय पुन्हा माझं ऐकू लागले. शेवटच्या वळणावर मी दोघींना मागे टाकलं, आणि त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

चिप डाव्या घोट्याला बांधा, हे वर राहून गेलं. उजवीकडे चेन असते. आणि बिबसाठी इलॅस्टिकचा पट्टा घ्या, म्हणजे सायकलवर नंबर पाठीमागे आणि धावताना पुढे असा नुसता फिरवता येतो.

पुढच्या शर्यतीत नाव नोंदवलं आहे. कालच माहितीपत्रक आलं. सायकलबद्दल तीच एक ओळ आहे. तपासणीत काय काय बघणार त्याची यादी मी लेखी मागितली आहे, अजून उत्तर आलेलं नाही.