तुम्ही विचारलंत म्हणून: प्रतिकारशक्ती चांगली, तरी फ्लू झालाच कसा?

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे हा प्रश्न मला सतत येतो. विचारणाऱ्याच्या आवाजात बऱ्याचदा आपलंच काहीतरी चुकलं अशी खंत असते. ती मला खुपते, म्हणून जरा नीट सांगते.

प्रतिकारशक्ती म्हटलं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी आठवतात. पण विषाणू ज्या पेशीत घुसतो, ती स्वतःही पहाऱ्यावर असते. आपल्या पेशीतल्या संदेशवाहक आरएनएच्या टोकावर एक रासायनिक टोपी असते. विषाणूच्या आरएनएचं टोक बरेचदा बोडकं असतं, तिथे तीन फॉस्फेट ओळीने उघडे पडलेले. रिग-आय नावाचं प्रथिन नेमकं तेच हुडकतं. मग पेशी इंटरफेरॉन नावाचं धोक्याची सूचना देणारं प्रथिन सोडते आणि शेजारच्या पेशींमधली शेकडो जनुकं कामाला लागतात. १९५७ साली आयझॅक्स आणि लिंडेनमन या शास्त्रज्ञांना इंटरफेरॉन सापडलं, तेही फ्लूच्याच विषाणूवर काम करताना.

आणि फ्लूचा विषाणू काय करतो? आपल्याच आरएनएची टोपी दहा-तेरा अक्षरांसकट कापून घेतो आणि स्वतःच्या संदेशांना चढवतो! त्याच्या जीनोमचं, म्हणजे मूळ आरएनएचं, टोक उघडंच राहतं, पण त्याचं एनएस-१ हे प्रथिन रिग-आयचा इशारा दाबून टाकतं. क्षयाचा जंतू तर भक्षक पेशीच्या पोटातच मुक्काम ठोकतो. ज्या पिशवीत तो अडकतो, तिच्यात पाचक रस ओतलेच जाऊ देत नाही. असंख्य जंतू आपल्याला पत्ताही न लागता गारद होतात. आजारी पाडतात ते बहुधा असे, आपला पहारा ओळखून असलेले.

मला सगळ्यात थक्क करतं ते पीकेआर. विषाणूची चाहूल लागताच हे प्रथिन पेशीतली प्रथिननिर्मितीच थांबवतं, त्यासाठी एका कळीच्या प्रथिनावर खूण करतं. देवीच्या लशीतला व्हॅक्सिनिया विषाणू त्याच कळीच्या प्रथिनासारखा दिसणारा तोतया बनवतो, के-३; पीकेआर त्याच्यातच गुंतून पडावा म्हणून. माणसाचा पीकेआर या तोतयाला सहसा बधत नाही. माकडं, वानरं आणि माणूस यांच्या वंशात लाखो वर्षांत पीकेआर बदलत आला आहे. पण प्रयोगशाळेत व्हॅक्सिनियाचं दुसरं एक बचावाचं प्रथिन काढून त्याला मानवी पेशींत वाढवलं, तेव्हा थोड्याच फेऱ्यांत त्याने के-३च्या जनुकाच्या प्रतीच वाढवल्या. पुढे त्यात अधिक कारगर बदलही घडला. तुमचा पीकेआर मात्र जन्मभर तोच राहतो.