गंजलेल्या व्हाइसचं वय

जुना विल्टन बुलेट व्हाइस (विल्टन कंपनीचा, वस्तू जबड्यांत घट्ट पकडून ठेवणारा शिकंजा) हाती लागला की मी रंग-बिंग बघतच नाही, हँडल फिरवत पुढचा जबडा अख्खा बाहेर काढतो आणि सरकत्या भागाच्या खालची खाच पुसतो, तारीख तिथेच ठोकलेली असते. जुन्या पीसवर 'गॅरंटी संपते' असं असेल तर ती बनवल्याची तारीख नाही हां, त्यातून 5 वर्षं वजा करायची (मी फसलोय).

गंज काढायला व्हाइस धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून बॅटरी चार्जरने वीज सोडायची, निगेटिव्ह व्हाइसला, पॉझिटिव्हला त्याच पाण्यात साधं लोखंड, स्टेनलेस अजिबात नको, विषारी क्रोमियम सुटतं. हायड्रोजन निघतो म्हणून हे उघड्यावरच करा. जबड्याच्या प्लेटांचे स्क्रू मात्र दोन दिवस तेलात आहेत, हलायचं नाव नाही.