व्हिएन्नाचे बेट आणि दुतोंड्या मारुती

पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीत जर्मनीतील ड्रेस्डेनहून व्हिएन्नाला जायचे ठरले तेव्हा वसतिगृहातील प्रत्येकाने मला पाहण्यासारख्या ठिकाणांची एकेक यादी दिली. त्या सर्व याद्यांमध्ये राजवाडे, ऑपेरा, कॉफीगृहे आणि चॉकलेटचा तो प्रसिद्ध केक यांचीच दाटी होती. मुक्ताने मात्र फोनवर एवढेच सांगितले, "चालायचे बूट घालून ये, तुला बेट दाखवायचं आहे." मुक्ता माझी नाशिकच्या शाळेपासूनची मैत्रीण. तिच्या घरचे भांड्यांचे दुकान भांडी बाजारात, गंगेपासून (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात) हाकेच्या अंतरावर आहे, आणि जुलै उजाडला की खालच्या फळ्यांवरचा तांब्या-पितळेचा माल माळ्यावर चढवायचा हा त्यांच्याकडे आषाढी एकादशीइतकाच ठरलेला कार्यक्रम असतो. अशा घरातील मुलीने पूरनियंत्रण शिकण्यासाठी डॅन्यूबकाठचे शहर निवडले, याचे निदान तिच्या वडिलांना तरी काही विशेष वाटले नसावे.

ड्रेस्डेनहून प्रागकडे जाणारी गाडी एल्बे नदीचा काठ धरून, वालुकाश्माच्या उंच कड्यांखालून जाते. सीमा ओलांडली की याच नदीला लाबे म्हणतात. चेक बाजूच्या देचीन गावात या नदीच्या पात्रात एक मोठा दगड आहे आणि पाणी फार खाली गेले तरच तो उघडा पडतो. दुष्काळाची साले त्यावर कोरलेली असून त्यांतले वाचता येणारे सर्वांत जुने साल १६१६ आहे. त्याच दगडावर जर्मन भाषेत "मी दिसलो तर रडा" अशा अर्थाची एक ओळही आहे. २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात तो दिसला होता. मला गाडीतून दिसला नाही, म्हणजे यंदा रडण्याचे कारण नव्हते. गोदावरीच्या पात्रात उभी असलेली आपल्या दुतोंड्या मारुतीची मूर्ती नेमके याच्या उलटे काम करते. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीपर्यंत चढले, या बातम्या नाशिकमध्ये पावसाळाभर घरोघरी जातात आणि पाणी काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेकडे सरकू लागले की पुढचे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मुक्ता परदेशात आल्यापासून ऑगस्टमध्ये आईला रोज एकच प्रश्न विचारते, "मारुती कुठवर?"

प्रागला गाडी बदलून मी संध्याकाळी व्हिएन्नात पोहोचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही थेट यू-१ मेट्रोने डोनाउइन्झेल, म्हणजे डॅन्यूबच्या बेटावर गेलो. स्थानक पुलावरच आहे. पुलाच्या एका बाजूला खरी डॅन्यूब, मालवाहू बार्जांची, वेगाने वाहणारी; दुसऱ्या बाजूला तिच्याच समांतर, पण जवळजवळ स्थिर आणि बरेच स्वच्छ पाणी; आणि मधोमध झाडे, गवत, सायकलींचे रस्ते असलेली एक लांबच लांब पट्टी. पाणी अजून थंड असतानाही स्थिर बाजूला लोक पोहत होते. एक आजी पायऱ्यांवर टॉवेल ठेवून, कपाळावर पाण्याचा हात फिरवून आत उतरल्या, तेव्हा क्षणभर मला रामकुंडावरच उभे असल्यासारखे वाटले. फक्त इथे निर्माल्य नव्हते आणि गुरुजीही नव्हते.

हे सारे मानवनिर्मित आहे, हे मुक्ताने सांगेपर्यंत माझ्या लक्षात आले नसते. व्हिएन्नाने डॅन्यूबला प्रथम १८७० ते १८७५ या काळात सरळ केले. नागमोडी पसरलेली नदी एका नव्या पात्रात घालण्यात आली आणि त्या खोदाईसाठी नुकत्याच पूर्ण झालेल्या सुएझ कालव्यावरील यंत्रे वापरली गेली. नदीचा जुना मुख्य प्रवाह मागे तलावासारखा उरला. त्याला आज जुनी डॅन्यूब म्हणतात. एवढे करूनही १९५४ च्या पुराने ही सोय पुरेशी नसल्याचे दाखवून दिले. मग दुसरी योजना आली. १९७२ ते १९८८ या काळात मुख्य नदीच्या शेजारून सुमारे २१ किलोमीटर लांबीचे आणि दोनशे मीटरहून अधिक रुंदीचे दुसरे पात्र खोदण्यात आले आणि निघालेल्या मातीचा भराव मधे टाकून हे बेट तयार झाले. नव्या पात्राच्या तोंडाशी आणि पुढे वाटेत दरवाजे आहेत. एरवी ते बंद असतात आणि लोक पोहतात. डॅन्यूब फुगू लागली की वरचे दरवाजे उघडतात, लोकांना बाहेर काढतात आणि पुराचा बराचसा भाग या दुसऱ्या वाटेने शहराबाहेर निघून जातो.

या योजनेला त्या काळी राजकीय विरोध बराच झाला. एवढा पैसा अशा पुरासाठी का घालवायचा, जो कदाचित शंभर वर्षे येणारही नाही, असा प्रश्न तेव्हाही होताच. व्हिएन्नाकरांनी हिशेब धरला तो १५०१ सालच्या पुराचा. त्या पुरात सेकंदाला सुमारे १४,००० घनमीटर पाणी वाहिले असावे असा अंदाज आहे आणि दोन्ही पात्रे मिळून तेवढे पाणी पेलतील अशी रचना करण्यात आली. नाशिककरांना घनमीटरपेक्षा क्युसेक (सेकंदाला एक घनफूट पाणी) जवळचा, म्हणून मी तिथेच मोबाइलवर गुणाकार केला: जवळपास पाच लाख क्युसेक. गंगापूर धरणातून काही हजार क्युसेकचा विसर्ग सुरू झाला की आपल्याकडे गोदाघाटावरील टपऱ्या हलवण्याची धांदल उडते, हे लक्षात घेतले तर या आकड्याचा अर्थ कळतो. २०१३ च्या जूनमध्ये खरोखरच सुमारे ११,००० घनमीटरचा पूर आला आणि तो शहराच्या मधून निघून गेला, तेव्हा पाचशे वर्षांपूर्वीचा पूर मोजण्यात कोणाला विनोद दिसला नाही.

मुक्ताच्या अभ्यासाचा विषय मात्र डॅन्यूब नाही. तो आहे वीन नावाची छोटी नदी, जिच्यावरून शहराचे नाव आले असे लोक म्हणतात. शहराच्या पश्चिमेकडील टेकड्यांतून ती येते, दगडी भिंतींमध्ये बांधलेल्या खोल चरातून वाहते आणि एरवी तिच्यात घोटाभरच पाणी असते. शहराच्या मध्यभागी तर ती झाकूनच टाकलेली आहे. नाशमार्क्ट हा व्हिएन्नाचा प्रसिद्ध बाजार तिच्या डोक्यावर भरतो. आम्ही तिथे हिरव्या मिरच्या आणि कोथिंबीर घेतली, भाव ऐकून अर्धी मिरची परत ठेवली, आणि पायाखालून नदी जाते आहे हे मला पटवण्यासाठी मुक्ताने मुद्दाम पुढे, जिथे ती पुन्हा उघडी होते तिथवर चालवत नेले. सप्टेंबर २०२४ मधील वादळी पावसात हीच घोटाभर नदी काही तासांत भिंतींच्या काठापर्यंत चढली आणि तिच्या कडेने धावणारी यू-४ मेट्रो काही भागात बंद ठेवावी लागली. मोठी डॅन्यूब त्या वेळीही दोन पात्रांत विभागून शिस्तीत गेली.

हे ऐकताना मला आश्चर्य वाटले नाही, कारण ड्रेस्डेनची गोष्टही तशीच आहे. २००२ च्या ऑगस्टमध्ये एल्बेची पातळी तिथे ९.४० मीटरवर गेली, हे सगळे सांगतात. पण त्याच्या काही दिवस आधी वाइसेरित्झ या किरकोळ नदीने, जिचे पात्र शहराच्या सोयीसाठी कधीकाळी वळवले होते, जुनी वाट पुन्हा शोधली आणि थेट मुख्य रेल्वे स्थानकात पाणी घातले. नाशिकमध्ये नासर्डी आणि वाघाडी या अशाच छोट्या नद्या आहेत. एरवी त्यांच्याकडे नाला म्हणूनच पाहिले जाते आणि त्यांच्या काठी भिंती, पार्किंग, गाळे उभे राहतात.

रात्री मुक्ताने मिसळ केली. मटकीला मोड तिनेच आणले होते, काळा मसाला मी नाशिकहून आणलेल्या साठ्यातला दिला आणि पावाऐवजी व्हिएन्नाचा गोल झेमेल घेतला, जो रश्श्यात बुडवल्यावर पावापेक्षा जास्त वेळ टिकतो हे मान्य करावे लागेल. खरा वाद जेवताना सुरू झाला. माझे मत असे, की नाशिकने पाहायचेच तर व्हिएन्नाकडे न पाहता ड्रेस्डेनकडे पाहावे. तिथे एल्बेच्या दोन्ही काठांवर, शहराच्या ऐन मध्यात, रुंद गवताळ मैदाने शतकानुशतके मोकळी ठेवलेली आहेत. एरवी तिथे मुले पतंग उडवतात, पुरात नदी पसरते. त्यांनाही पूर येतोच, पण तो आधी गवतावर येतो. खोदकाम नाही, दरवाजे नाहीत. जमीन सोडायची, एवढेच.

"एवढेच?" मुक्ता म्हणाली. "आमचं दुकान उचलून कुठं ठेवणार?"

तिचे म्हणणे बिनतोड होते. पंचवटी, भांडी बाजार, सराफ बाजार, सरकारवाडा ही वस्ती नदीला लागूनच वाढली. जी जमीन सोडायची तिच्यावर मंदिरे, वाडे आणि माणसे आहेत. माझे उत्तर असे, की जुन्या गावाला हात लावायचाच नाही. पण २००८ च्या पुरानंतर आखलेल्या, पाणी कुठवर चढू शकते हे दाखवणाऱ्या निळ्या आणि लाल पूररेषांच्या आत वरच्या बाजूला अजून जे मोकळे आहे, ते तरी मोकळे राहू द्यावे. मुक्ताने त्यावर कागद ओढून घेतला, झेमेलचे तुकडे बाजूला सारले, होळकर पुलापासून वर नदीची रेघ काढली आणि विचारले, की यातले मोकळे कुठे आहे ते दाखव. मी आठवेल तसे शेतांचे आणि मळ्यांचे तुकडे रेखाटत गेले आणि ती त्यांतल्या बऱ्याच तुकड्यांवर इमारतींची नावे लिहीत गेली.

मग विषय सिंहस्थाकडे वळला. पूर्वीच्या एका सिंहस्थासाठी रामकुंड परिसरातील कुंडांच्या तळाशी काँक्रीट ओतले गेले, ते काढून जिवंत झरे मोकळे करावेत म्हणून गोदाप्रेमी नागरिक बरीच वर्षे भांडत आहेत, आणि २०२७ चा सिंहस्थ दाराशी आला आहे. यावर मात्र आमचे दोघींचे एकमत झाले, की स्नानासाठी नदी बांधून काढायची आणि पुरात तिने हे बांधकाम विसरून जावे अशी अपेक्षा करायची, हे काही खरे नाही. राहिला तिच्या दुकानाचा प्रश्न. त्यावर मुक्ताचा तोडगा असा, की तळमजला पाण्यासाठीच ठेवायचा: ओट्याची उंची वाढवायची, विजेचे बोर्ड छताजवळ न्यायचे, माल कायमचा माळ्यावर ठेवायचा आणि गिऱ्हाइकाला जिना चढायला लावायचा. वडिलांना हे अद्याप पटलेले नाही. भांडी घ्यायला आलेली बाई जिना चढणार नाही, असे ते म्हणतात.