पोसोनच्या पौर्णिमेला सायकलवरून मिहिन्तलेला

श्रीलंकेत सायकल चालवायची तर बसपासून जपा, एवढं मी प्रत्येकाला सांगते. रस्ते छान आहेत, गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, चहा जागोजागी मिळतो. पण खासगी बसवाले जीव घेतील. कुरुनेगलच्या अलीकडे एकाने मला चक्क मातीत उतरवलं आणि वर हॉर्न मारत निघून गेला. सिगिरियाचा खडक, दंबुल्लाची लेणी, तिथली गर्दी आणि परदेशी पाहुणा दिसला की चढणारे भाव, यावर भरपूर लिहिलं गेलंय. मला लिहायचंय ते दंबुल्ला ते मिहिन्तले या रस्त्याबद्दल.

जून महिना होता. नैर्ऋत्य मोसमी पाऊस तिकडे बेटाच्या दुसऱ्या अंगाला कोसळत असतो आणि हा उत्तरेकडचा भाग कोरडाठाक. कँडीहून जाफन्याला जाणारा हा ए-9 रस्ता. कसारा घाटात सराव केलेल्याला इथे चढ असा जाणवत नाही, पण ऊन आणि आडवा वारा माणसाला पिळून काढतात. केकिरावा मागे पडलं तोवर बाटलीतलं पाणी अंघोळीच्या पाण्याइतकं गरम झालं होतं. आमच्या ग्रुपमधले सगळ्यात ज्येष्ठ नाना पुढे, मी मागे.

तेवढ्यात पांढऱ्या शर्टातला एक पोरगा झेंडा फडकावत थेट रस्त्यावर आला. मला वाटलं पुढे अपघात झालाय. नाना थांबले, मी थांबले, आणि दोघातिघांनी आमच्या सायकली हातातून काढून घेऊन झाडाला टेकवल्यासुद्धा. समोर बांबूचा मांडव, त्याला नारळाच्या झावळ्या, आत बाकं आणि मोठमोठी पातेली.

ही दन्सल. पोसोन म्हणजे जूनमधली पौर्णिमा. सम्राट अशोकाचा मुलगा महिंद याच पौर्णिमेला मिहिन्तलेच्या डोंगरावर राजा देवानांपिय तिस्साला भेटला आणि बेटावर बौद्ध धम्म आला, अशी इथली परंपरा. त्या दिवसांत गावोगावची माणसं वर्गणी काढून, कुणी तांदूळ, कुणी नारळ देऊन रस्त्याकडेला मांडव घालतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून जेवू घालतात. आपण मांडव शोधत जायचं नाही, मांडवच आपल्याला अडवतो.

ताटात भात, नारळाच्या दुधातली मसुरीची डाळ, कोवळ्या फणसाची भाजी आणि खोबरं-लाल मिरचीचं पोल संबोल. मी भात संपवत आले की वाढणारी आजी पुढ्यात हजर. पांढरी साडी, एका हातात डाव, दुसरा हात माझ्या खांद्यावर. मी ताटावर आडवा हात धरला, तर तिने तो हळूच बाजूला केला आणि वाढलं. माझ्या आईची हीच सवय. नंतर बेलाच्या फुलांचा चहा आला, सोबत चावायला गुळाचा खडा. त्र्यंबकच्या वाटेवर आयुष्य काढलेल्या मला बेलाच्या फुलांचा चहा करतात हे ठाऊकच नव्हतं. मंद, थोडा मातकट वास असतो त्याला. त्या उन्हात तो गरम चहा इतका बरा वाटला की मी दुसरा कप मागून घेतला.

तोपर्यंत आम्ही कोण, कुठले, हे कुणीही विचारलं नव्हतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आधी पोटभर जेवण, मग चौकशी. शेजारी येऊन बसलेल्या एका शिक्षकाला इंग्रजी येत होतं. 2022 मध्ये देशात पेट्रोल मिळेना तेव्हा तेही सायकलवर शाळेत जात, तीच लुमाला कंपनीची सायकल अजून चालवतात. पंपावरच्या रांगांबद्दल सांगताना त्यांचा आवाज बदलला. "त्या वर्षी आम्हाला कळलं, घरात तांदूळ असणं म्हणजे काय," असं म्हणाले आणि माझा रिकामा कप उचलून घेऊन गेले.

नाशिक त्यांना माहीत नव्हतं. मग मी मोबाईलमधला एक फोटो काढला. 2023 च्या दसऱ्याला आमच्या पांडवलेण्यांच्या पायथ्याशी, बुद्धस्मारकाजवळ, मिहिन्तलेजवळच्याच अनुराधापुरच्या महाबोधी वृक्षाची फांदी लावली आहे. त्या रोपाचा तो फोटो. शिक्षकांनी सिंहलीत समजावून सांगितलं आणि मांडवातलं वाढणंच थांबलं. आजीने डाव खाली ठेवला, पदराला हात पुसले, फोन दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला. मग तो फोन हातोहात फिरला. पातेल्यामागचा आचारी आला, झेंडेवाला पोरगा रस्ता सोडून आला. पाणी कोण घालतं, कुंपण आहे का, गुरं खात नाहीत ना, असे प्रश्न. नाना एकेकाला उत्तरं देत होते, घरच्या झाडाबद्दल सांगावं तसे. माझा घसा दाटून आला होता, मी गप्प बसून राहिले.

पैसे द्यायचा विषयच नव्हता, दन्सलीत ते घेत नाहीत. निघताना आजीने गुळाचे खडे कागदात बांधून माझ्या हँडलच्या पिशवीत टाकले.

पुढे पुन्हा अडवलं: एकीकडे उकडलेला कसावा आणि मिरचीचा ठेचा, एकीकडे आइस्क्रीमसाठी लांबच लांब रांग. ॲव्हरेज बघत सायकल मारणाऱ्याने या दिवसांत या रस्त्याला येऊच नये. मिहिन्तलेला पोहोचेपर्यंत दिवस कलला होता. तिथली गर्दी मात्र मला झेपली नाही. पायऱ्याच 1840 सांगतात आणि पांढऱ्या कपड्यांतली माणसं खालपासून वरपर्यंत. जाणार असाल तर अनुराधापुरात खोली फार आधी ठरवा, ऐन वेळी काही मिळत नाही.

परत आल्यापासून नानांचा एकच घोळ चाललाय. संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघते तीही ज्येष्ठी पौर्णिमेच्याच सुमारास, आणि यंदा त्यांची पालखी चुकली. "अगं, दरवर्षी तिकडेच गेलो तर पालखीबरोबर कोण चालणार?" मी म्हटलं, एक वर्ष पालखी, एक वर्ष पोसोन. वहिनींनी मात्र सांगून टाकलंय की पुढच्या खेपेला नाना येवोत न येवोत, त्या येणार आहेत.