पाइपातला चेंडू

मधली सुट्टी संपायला दहा मिनिटं होती. मी वह्यांच्या गठ्ठ्यात मान खुपसून बसले होते, तेवढ्यात चौथीतली सात-आठ पोरं धापा टाकत दारात येऊन थडकली. सगळी एकदम बोलत असल्यामुळे कळेना काहीच. शेवटी चष्मेवाल्यानं बाकीच्यांना कोपरानं मागे सारलं आणि वार्ता सांगितली.

"बाई, चेंडू पाइपात गेला."

चेंडू म्हणजे टेबल टेनिसचा. वर्गाला आठवड्याला एकच मिळायचा. तो फुटला किंवा हरवला की थेट सोमवारपर्यंत बोंब, आणि हा होता गुरुवार. पाइप म्हणजे मैदानाच्या कडेला, जाळीचा खांब उभा करण्यासाठी सिमेंटच्या ओट्यात उभा गाडलेला लोखंडी पाइप. हात दीड हात खोल. तोंड इतकं अरुंद की मुलांचा पंजा मनगटापर्यंतही आत जाईना.

एरवी मी शिपाईमामांना हाक मारली असती आणि पुन्हा वह्यांकडे वळले असते. पण त्या दिवशी माझी ट्यूब पेटली. त्या वर्षी आम्हाला 'दैनंदिन प्रसंगांतून विचारकौशल्ये' अशा मथळ्याचा एक तक्ता भरून द्यावा लागायचा. त्यात रकाने होते: प्रसंग, शिक्षकाने विचारलेले प्रश्न, मुलांनी शोधलेला उपाय. खरं सांगायचं तर मी तो बऱ्याचदा घरी बसून, प्रसंगासकट मनानंच भरलेला होता. आज खराखुरा प्रसंग चालून आला होता. आणि मला उत्तर ठाऊक होतं. पाणी ओतायचं, चेंडू तरंगत वर येतो. मुलांना तिथपर्यंत आणायचं, एवढंच काय ते काम.

त्याच दिवशी सकाळचा एक प्रसंग आधी सांगते, कारण तो डोक्यात घोळत होता. भागाकाराच्या तासाला मी गणित घातलं होतं: ५० मुलांना सहलीला न्यायचं आहे, एका गाडीत १२ बसतात, तर किती गाड्या लागतील? बहुतेकांनी लिहिलं, ४, बाकी २. मी विचारलं, "मग त्या दोघांनी काय करायचं?" पुढच्या बाकावरचा एक जण शांतपणे म्हणाला, "बाई, ते बाकी आहेत. बाकी नुसती लिहायची असते." हे आमच्याच पोरांचं नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला देशभरातल्या १३ वर्षांच्या मुलांना असंच गणित घातलं होतं: ११२८ सैनिक, एका बसमध्ये ३६, तर बस किती? भागाकार ७० टक्क्यांच्या आसपास मुलांना बरोबर आला, पण '३२ बस' हे उत्तर लिहिलं फक्त २३ टक्क्यांनी. उरलेले सैनिक बाकीत राहून गेले.

तर आम्ही सगळे ओट्याशी गेलो. मी वाकून आत पाहिलं. तळाच्या अंधारात पांढरा ठिपका दिसत होता. मग उभी राहून मी आमचा नेहमीचा प्रश्न टाकला, "आता काय करता येईल बरं?"

आणि मनातल्या मनात आकडे मोजायला लागले. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात वर्गांमधली ध्वनिमुद्रणं तपासून एक गोष्ट दाखवून दिली होती. प्रश्न विचारल्यावर आपण शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतो, मग दुसऱ्या कुणाला तरी उठवतो किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतो. तेच तीन सेकंद थांबलं तर मुलांची उत्तरं लांबतात, आणि कधीही न बोलणारी मुलंही तोंड उघडतात. कागदावर तीन सेकंद काहीच वाटत नाहीत. वर्गात मोजून पाहा, घशाशी येतात.

मुलांनी आधी काठी आणली. काठीनं चेंडू नुसता गरगर फिरला. मग दोन काठ्यांचा चिमटा, पण दोन्ही काठ्या आत गेल्यावर त्या उघडायला जागाच उरेना. वेणीवालीनं काठीच्या टोकाला चिकटपट्टी उलटी गुंडाळली. ही कल्पना मला मनापासून आवडली. पण पाइपाची भिंत आतून गंजलेली. पट्टी जाता-येता तिलाच चिकटायची, आणि चेंडूपर्यंत पोचेपोचेतो तांबड्या पुडीनं माखून कोरडी पडलेली असायची. वेणीवालीनं तीनदा पट्टी बदलली.

प्रत्येक वेळी उपाय फसला की मुलं काय करत होती, तर माझ्या तोंडाकडे बघत होती. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. नंतर आलं.

घड्याळ पुढे सरकत होतं आणि मला माझा रकाना दिसत होता. शेवटी मी लबाडी केलीच. "पंधरा दिवसांपूर्वी आपण कुठलं नाटुकलं केलं होतं रे?"

"तहानलेला कावळाऽऽ!"

आणि पुढच्या क्षणाला तिघं जण पळत जाऊन मूठभर खडे घेऊन आले. एक खडा टणटण आवाज करत पाइपात गेलासुद्धा.

"अरे थांबा, चेंडू गाडला जाईल!" वेणीवाली ओरडली. सगळे थबकले. तिनं कपाळाला आठ्या घातल्या आणि एकेक शब्द चाचपत बोलली, "कावळ्याकडे पाणी होतं, म्हणून त्यानं खडे टाकले. आपल्याकडे चेंडू आहे. पाणीच नाहीये."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. जर्मनीतल्या लाइपझिगला संशोधकांनी वानरांना आणि मुलांना जवळजवळ हेच कोडं घातलं होतं. त्याचा निबंध २०११ साली आला. उभी नळी, तळाशी बक्षीस, हात पुरत नाही, जवळ पाणी. चार वर्षांच्या मुलांमध्ये दहात एकालाही ते धड सुटलं नाही, आणि आठ वर्षांच्यांमध्ये निम्म्याहून थोड्याच जास्त मुलांना जमलं. म्हणजे माझी चौथी अगदी वेळेवर होती. थोडं ढकलावं लागलं, पण तक्त्यात ढकलण्याचा रकाना नव्हता.

पाण्याच्या बाटल्या आल्या. पहिली ओतली, दुसरी, तिसरी. अंधारातून पांढरा ठिपका चक्क वर यायला लागला. चांगला वीतभर आला. जल्लोष झाला. मग आतून गुळगुळ असा आवाज आला आणि ठिपका हळूहळू पुन्हा खाली गेला. आणखी दोन बाटल्या ओतल्या. तेच झालं. वर, गुळगुळ, खाली.

मी बघतच राहिले. माझं उत्तर गळत होतं.

"पण पाणी गेलं कुठे?" हे विचारलं सकाळच्या त्या 'बाकी नुसती लिहायची असते' वाल्यानं. बाकीचे पाइपात डोकावत असताना हा पठ्ठ्या ओट्याला प्रदक्षिणा घालून आला आणि मागच्या बाजूला उकिडवा बसला. ओट्याच्या बुडाशी एक तडा होता, त्यातून पाणी झिरपून मातीत जात होतं. मग मागे गर्दी. कुणी तड्यावर तळवा दाबला, कुणी चिखल लिंपला, कुणी माझ्या टेबलावरचं डस्टर पळवून आणून ओलं करून कोंबलं. तडा बुजला, तर पाणी दुसरीकडून फुटलं. ओटा सगळाच आतून पोकळ झालेला असणार.

घंटा झाली. पुढचा तास माझाच, परिसर अभ्यासाचा. परिसरात होतोच की आम्ही, म्हणून मी काही हलले नाही.

चष्मेवाल्यानं माझ्याकडे बघितलं. "बाई, आता?"

"मला नाही माहीत."

"तुम्हाला माहीत असतं. तुम्ही सांगत नाही."

"नाही रे. मगाशी माहीत होतं. पाणी. ते तर गळलं. आता खरंच माहीत नाही."

त्यानं माझा चेहरा निरखून पाहिला. खोटं बोलतेय का, याची खात्री केली असावी. मग त्यानं पाठ फिरवली. एकेक करत सगळ्यांनीच फिरवली. ते आपापसात बोलायला लागले, आणि इतका वेळ माझ्यावर चिकटलेल्या त्या सगळ्या नजरा पाइपावर गेल्या. अठरा वर्षं शिकवत होते मी. वर्गात मी असूनही कुणाचंच माझ्याकडे लक्ष नाही, असं गोंगाटात पुष्कळदा झालं होतं. कामात झालेलं हे पहिल्यांदाच. थोडं टोचलं, नाही असं नाही. तीन सेकंद मोजायचंही राहून गेलं.

आता बेत असा ठरला की पाणी गळण्यापेक्षा जास्त वेगानं ओतायचं. दोघं जण बागेला पाणी घालायची नळी ओढत घेऊन आले. पण नळापासून ओट्यापर्यंत ती पुरेना, चांगली दहा-बारा पावलं कमी पडली. नळी तशीच टाकून वाद सुरू झाला: बादली कुठून आणायची, मामा देतील का, आणि बादलीनं एवढ्याशा तोंडात पाणी जाईल किती आणि सांडेल किती.

आमच्या वर्गात मागच्या बाकावर एक मूर्ती आहे. पेनाचं टोपण ओठाला लावायचं, आतली हवा ओढून घ्यायची आणि टोपण ओठावर लोंबकळत ठेवून बसायचं, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. ओठाखाली कायम लाल गोल वळ. यासाठी मी त्याला किती वेळा ओरडले असेन, त्याचा हिशेब नाही. वाद रंगात आला असताना त्यानं नळीचं एक टोक उचललं, पाइपात सोडलं, तळाला टेकल्यासारखं वाटल्यावर जरासं हलवलं आणि दुसरं टोक तोंडात धरलं.

"ए! काढ ते तोंडातून! घाण आहे, मातीतली आहे!" मी.

त्यानं एक हात वर केला. थांबा, अशा अर्थानं. मला. गाल आत गेलेले, डोळे बारीक, आणि दोन्ही हातांनी नळी वर घ्यायला लागला. चार बोटं. वीत. पाइपाच्या तोंडाशी नळीचं टोक आलं आणि त्या टोकाला, ओलाचिंब, गंजाचे डाग पडलेला पांढरा चेंडू.

"आला!" तो ओरडला.

ओरडायला तोंड उघडलं. टुक्. चेंडू पुन्हा तळाला.

दोन सेकंद शांतता, आणि मग असं हसू फुटलं की शेजारच्या वर्गाच्या बाई खिडकीत आल्या. तोही पोट धरून हसत होता. मी मधल्या वेळात नळीचं तोंडाकडचं टोक धुऊन घेतलं, त्याला चूळ भरायला लावली. माझ्याकडून तेवढीच मदत. दरम्यान त्यांची नवी व्यवस्था ठरली होती. त्यानं काहीही झालं तरी बोलायचं नाही. चष्मेवाल्यानं पाइपात बघायचं आणि चेंडू कुठवर आला ते बोटांनी दाखवायचं. वेणीवालीनं दोन्ही हातांची ओंजळ तयार ठेवायची आणि चेंडू हातात आला की तिनं म्हणायचं, "सोड."

चेंडू चिकटायला दोनदा चुकला. मध्ये तो खडा आडवा येत होता. तिसऱ्यांदा वर आला. वेणीवालीनं ओंजळ पुढे केली, जरा जास्तच वेळ खात्री केली आणि म्हणाली, "सोड."

हवेच्या दाबाचं मी त्या दिवशी काही बोलले नाही. टेबल टेनिसचा चेंडू जेमतेम २.७ ग्रॅमचा असतो, त्याला उचलायला तोंडानं ओढलेली हवा पुरून उरते, हे मी नंतरच्या आठवड्यात सांगितलं, तेव्हा वर्ग ओठांवर टोपणं लटकवूनच ऐकत होता. मला मात्र दुसरंच आठवत राहिलं. कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचा एक गाजलेला प्रयोग आहे. मेणबत्ती, टाचण्यांची खोकी आणि काड्यापेटी देऊन, मेणबत्ती भिंतीवर बसवा, म्हणून सांगायचं. टाचण्या खोक्यात भरलेल्या असल्या की ते खोकं मेणबत्तीचा ओटा होऊ शकतं, हे बऱ्याच जणांना सुचत नाही. खोकं रिकामं ठेवलं की सुचतं. त्या नळीवरून मी रोज येता-जाता पाय उचलून टाकत होते. माझ्यासाठी ती पाण्यानं भरलेली होती.

तक्ता मी प्रामाणिकपणे भरला. 'विचारलेले प्रश्न' या रकान्यात तीन ओळी होत्या, मी एकच भरली: आता मला माहीत नाही, काय करू या? 'उपाय' या रकान्यात लिहिलं, नळीनं ओढून घेतला. आठवड्यानं तक्ता परत आला. समासात लाल शाईत विचारलं होतं, "नेमके कोणते कौशल्य?"

त्या पाइपाचं पुढे काय, हेही त्याच तासाला ठरलं होतं. दगड ठेवायचा तर खेळताना कुणीतरी ठेचकाळणार; फडकं कोंबलं तर खांब बसवायच्या दिवशी ते ओढून काढायचं कुणी. अखेर एक पत्र्याचं झाकण मापाला जुळलं. पोरांनी ते ठोकून ठोकून तोंडात घट्ट बसवलं. फारच घट्ट बसलंय, निघणार कसं, यावरही थोडी वादावादी झाली.

सोमवारी मधल्या सुट्टीत चष्मेवाला दारात उभा. या वेळी एकटाच, आणि धापा न टाकता.

"बाई, कुणीतरी पाय दिला. झाकण आत गेलं."

मी पेन ठेवून उठायला लागले.

"तुम्ही बसा," तो म्हणाला. "पत्र्याचं आहे ते. फक्त विज्ञानपेटीतलं लोहचुंबक द्या. आणि दोरी."